आडनाव आलं कुठून, आणि माहेरचं नाव गेलं कुठं?



गटाच्या कर्जाची फाईल भरताना माझं निम्मं काम हिशेबाचं असतं आणि निम्मं नावाचं. आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. बाई मात्र एकच! म्हणून आज नावाबद्दलच बोलू. आपल्या नावामागं लागलेलं आडनाव आलं कुठून, ते कोण लावतं आणि कोण बदलतं, हे माहीत असलं की पुढचा कागदांचा घोळ समजायला सोपा जातो.

टीव्हीवर क्रिकेट लागलं की स्मिथ, टेलर ही नावं कानावर पडतात. ऐकायला भारी वाटतात. पण स्मिथ म्हणजे लोहार आणि टेलर म्हणजे आपला शिंपी. जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. इंग्रजांची बरीचशी आडनावं अशीच पडली आहेत. कुणाच्या धंद्यावरून, कुणाच्या गावावरून, कुणाच्या बापावरून, तर कुणाला चिडवण्यावरून.

आपल्याकडंही तेच. सोनार, सुतार, लोहार तर उघडच आहेत. काही आडनावं सरकारी कामाची. गावाचा मुख्य तो पाटील, गावाचा हिशेब लिहिणारा कुलकर्णी, परगण्याचा मुख्य देशमुख आणि परगण्याचा हिशेब ठेवणारा देशपांडे. नागपूरची दोन आडनावं आज देशभर ठाऊक आहेत, गडकरी आणि फडणवीस. गड सांभाळणारा तो गडकरी, आणि दप्तर-हिशेब लिहिणारा तो फडणवीस. काम गेलं, शिक्का राहिला.

गावाच्या आडनावात एक गंमत आहे. उमरेडकर, काटोलकर, चांदेकर, नागपुरे ही आडनावं बघा. (चांदा म्हणजे चंद्रपूर, आपले म्हातारे अजून चांदाच म्हणतात.) आता उमरेडमध्ये राहणाऱ्याला उमरेडकर कोण म्हणेल? तिथं तर सगळेच उमरेडचे. माणूस गाव सोडून दुसरीकडं गेला, तेव्हा तिथल्या लोकांनी ओळखायला त्याला हे नाव दिलं. म्हणजे ज्याच्या आडनावात गाव आहे, त्याच्या घराण्यात कुणीतरी एकदा ते गाव सोडलं असणार.

काही आडनावं तर निव्वळ टोपणनावं. काळे, गोरे, वाघमारे. चंद्रपूरकडं पोटदुखे आहेत, आणि त्याच आडनावाचे शांताराम पोटदुखे तिथून खासदार झाले. कोणाचं पोट कधी दुखलं ते आता कोण सांगणार! पण अशा आडनावाची लाज वाटायचं काही कारण नाही.

आपल्या गोंड बहिणींचं आडनाव वेगळंच काम करतं. उईके, मडावी, आत्राम, कुमरे ही कुळांची नावं आहेत आणि प्रत्येक कूळ चार देवे, पाच देवे, सहा देवे किंवा सात देवे यांपैकी एकात मोडतं. देवांची संख्या सारखी असली की ती भावंडं, त्यांच्यात लग्न होत नाही. आडनाव ऐकलं की सोयरीक जुळेल की नाही ते तिथंच कळतं.

एवढं सगळं सांगायचं कारण असं, की आडनाव हे काही दगडावरची रेघ नाही. ते बदलत आलं आहे, आणि मोठ्या माणसांचंही बदललं आहे. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं आधीचं आडनाव गोऱ्हे. पेशव्यांकडं फुलं पुरवायचं काम आलं आणि ते फुले झाले. गाडगेबाबांचं खरं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर, पण हातातल्या गाडग्यावरून लोकांनी नाव दिलं आणि तेच राहिलं. बाबासाहेबांच्या वडिलांचं आडनाव सकपाळ आणि गाव कोकणातलं आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला मुलाचं नाव दाखल झालं, ते भिवा रामजी आंबेडकर. पुढं १४ ऑक्टोबर १९५६ ला इथं नागपुरात दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर आपल्या भागात घरोघरी गौतम, सिद्धार्थ, सुजाता, यशोधरा, संघमित्रा जन्माला आले. नाव बदलणं म्हणजे 'आम्हाला कोणी काय म्हणायचं ते आता आम्ही ठरवू' असं सांगणं होतं. आजही नवीन ठिकाणी गेलं की लोक आधी आडनाव विचारतात. त्यांना आडनाव नको असतं, जात हवी असते. हे आपल्याला सगळ्यांना कळतं, फक्त बोलत कोणी नाही.

आता बाईच्या नावाकडं या. जुन्या बायांमध्ये धोंडाबाई, दगडाबाई भेटतात. लेकरं जगत नसत, म्हणून नजर लागू नये, मृत्यूनं ढुंकून बघू नये, यासाठी असं नाव ठेवायचे. त्यात माया होती. पण नकुसा या नावात माया कुठं शोधायची? मुलगाच हवा होता, पुन्हा मुलगी झाली, म्हणून 'नकोशी'. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून जास्त मुलींचा नामकरणाचा कार्यक्रम झाला आणि त्यांना नवी नावं मिळाली.

आणि मग लग्न. मराठी नावाचे तीन तुकडे असतात. लग्न झालं की त्यातला बापाचा तुकडा जातो आणि नवऱ्याचा येतो, आडनावही जातं. काही घरांत तर ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात आणि पहिला तुकडाही बदलतो. समजा, माहेरची सुनीता महादेव नागपुरे सासरी सीमा रमेश चांदेकर झाली. एकही शब्द जुळत नाही. गावाला माहीत आहे की ही तीच. पण बँकेच्या कॉम्प्युटरला गाव काय सांगणार?

'आपली रीतच आहे' असं कोणी म्हटलं तर त्यांना आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगा. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे जुनं नंदिवर्धन, वाकाटक राजांची राजधानी. साधारण सोळाशे वर्षांपूर्वी तिथं प्रभावती गुप्त ही राणी होती. दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, वाकाटकांची सून. नवरा रुद्रसेन लवकर वारला, पोरं लहान होती, राज्याचा कारभार तिनं चालवला. तिनं दिलेल्या ताम्रपटात, म्हणजे त्या काळच्या सरकारी कागदात, सुरुवातीला माहेरच्या गुप्तांची वंशावळ आहे. गोत्रही माहेरचंच. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडली आहे. सातवाहनांचा राजा गौतमीपुत्र तर आपल्या आईच्या नावानंच ओळखला जातो. तेव्हा रीत एकच नव्हती.

कायदाही नाव बदला म्हणत नाही. लग्नानंतर बाईनं नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा आपल्या देशात नाही. बदलायचं तर तिच्या मर्जीनं. महाराष्ट्र सरकारच्या मार्च २०२४ च्या निर्णयानं, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला. म्हणजे आईचं नाव आता वेगळ्या रकान्यात नाही, लेकराच्या नावातच आहे. त्याच निर्णयात विवाहित बाईला मालमत्तेच्या कागदांत लग्नाआधीच्या नावानं नोंद करायची मुभाही दिली आहे.

ही मुभा कुठं कामाची? वावराच्या सातबाऱ्यावर. २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं लेकीला वडिलोपार्जित जमिनीत लेकाइतकाच हक्क आहे. हा कायदा बौद्ध, जैन, शीख बहिणींनाही लागू आहे. आदिवासी आणि मुस्लिम बहिणींचे नियम वेगळे आहेत. त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारावं, तिथं बाईला मोफत सल्ला मिळतो. पण बाप गेल्यावर तलाठ्याकडं वारस नोंद करताना माहेरच्या कागदात सुनीता नागपुरे आणि हातातल्या आधारवर सीमा चांदेकर असली, की 'ही कोण?' असा प्रश्न येतो. मग कधी भाऊच म्हणतो, एवढी धावपळ कशाला, हक्कसोडपत्रावर सही करून टाक. सही करायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण कागद जुळत नाहीत म्हणून करू नका. कागद जुळवता येतात.

दोन नावांना जोडणारा सगळ्यात मजबूत धागा म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. ते गावात ग्रामपंचायतीतच, ग्रामसेवकाकडं होतं. लग्नाला वीस वर्षं झाली असली तरी नोंदणी करता येते. शाळा सोडल्याचा दाखला माहेरी पेटीत पडला असेल तर पुढच्या खेपेला घेऊन या. पहिलं नावही बदललं असेल तर शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो. आणि आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून सेंटरवर घाईत काहीही लिहू देऊ नका. कोणतं नाव ठेवायचं ते घरून ठरवून जा, स्पेलिंगसकट.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत सचिव ताईनं वहीचं एक पान वेगळं काढावं. प्रत्येकीचं माहेरचं पूर्ण नाव, सासरचं पूर्ण नाव, आणि कोणत्या कागदावर कोणतं आहे, एवढं त्यावर लिहावं. जिथं जुळत नाही तिथं लाल पेनानं खूण करावी. ते पान घेऊन मी तुमच्यासोबत ग्रामपंचायतीत यायला तयार आहे.