तळमजल्यावरचा सर्व्हर, वरच्या मजल्यावरचा बॅकअप

आजचा भाग मी तळीयेत बसून रेकॉर्ड केलाय. मागे पावसाचा आवाज येईल, सांभाळून घ्या.

२२ जुलै २०२१ ला इथे कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी खाली महाडात सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं. माणसं गेली तिथे फायलींचं काय दुःख करायचं? पण पूर ओसरल्यावर नुकसानीचे अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा जो तो कागदच शोधत होता.

मी तेव्हा महाडमधल्या एका छोट्या ऑफिसचे कॉम्प्युटर बघायचो. सर्व्हर तळमजल्यावर. बॅकअप रोज व्हायचा, पण त्याच सर्व्हरमधल्या दुसऱ्या डिस्कवर. दोन्ही एकदमच चिखलात गेल्या. चूक माझीच होती.

आता मी काय करतो, ते सांगतो. आमच्याकडे प्रॉक्समॉक्स आहे. म्हणजे एकाच दणकट मशीनमध्ये चार-पाच व्हर्च्युअल कॉम्प्युटर चालवणारं मॅनेजर सॉफ्टवेअर. आणि वरच्या मजल्यावर नॅस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा डबा. दोघांची गाठ घालायला माउस लागत नाही, तीन कमांड पुरतात. मी बोलून सांगतो, तुम्ही इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करा.

पहिली: पीव्हीईएसएम स्कॅन एनएफएस, पुढे नॅसचा आयपी. नॅसने कोणते फोल्डर वापरायला दिलेत ते दिसतं. यादी रिकामी आली तर आधी नॅसच्या सेटिंगमध्ये जाऊन आपल्या सर्व्हरच्या आयपीला परवानगी द्या.

दुसरी: पीव्हीईएसएम ॲड एनएफएस, मग तुम्ही ठेवाल ते नाव, समजा 'वरमजला'. मग डॅश डॅश सर्व्हर आणि आयपी, डॅश डॅश एक्स्पोर्ट आणि स्कॅनमध्ये दिसलेला फोल्डर, शेवटी डॅश डॅश कंटेंट बॅकअप. हे शेवटचं विसरू नका. ते लिहिलं नाही तर बॅकअप घेताना हे स्टोरेज यादीत सापडत नाही, आणि आपण उगाच केबल तपासत बसतो.

तिसरी: पीव्हीईएसएम स्टेटस. नावापुढे ॲक्टिव्ह दिसलं की जमलं. क्लस्टर असेल तर ही नोंद सगळ्या सर्व्हरना आपोआप कळते, प्रत्येकावर पुन्हा लिहावी लागत नाही. उद्या पीव्हीईएसएम रिमूव्ह केलंत तर फक्त नोंद जाते, नॅसवरच्या फायली जागेवरच राहतात.

ॲक्टिव्ह दिसलं म्हणजे काम संपलं असं नाही हं. एक बॅकअप घेऊन बघा. 'परमिशन डिनाइड' आलं तर नॅस सर्व्हरच्या रूट युजरला लिहू देत नाहीये, ते तिकडे बदला. मग तोच बॅकअप रिस्टोअर करून मशीन सुरू होतं का ते बघा. मी महिन्यातून एकदा बघतोच.

आणि एक. पुरासाठी वरचा मजला ठीक आहे. पण दरड मजले मोजत नाही, हे तळीयेत बसून वेगळं सांगायला नको. म्हणून एक कॉपी दुसऱ्या गावात हवीच. मात्र एनएफएस थेट इंटरनेटवर उघडू नका, ते ऑफिसच्या आतलंच काम. बाहेरगावी कॉपी पाठवायची ती व्हीपीएनमधून, रात्री. ते कसं करायचं, ते पुढच्या भागात.

तोवर तुमचा बॅकअप कुठल्या मजल्यावर आहे, तेवढं आजच बघून घ्या. पाऊस सुरू झालाय.