ताटावरचा चित्रपट

जेवणाच्या टेबलाच्या बरोबर वर, छताला प्रोजेक्टर टांगलेला असतो आणि पांढरे टेबलक्लॉथ व रिकामी प्लेट हाच त्याचा पडदा. प्लेटची जागा अगोदर मोजून ठरवलेली असल्याने चित्रे तिच्या काठावर नेमकी बसतात. प्लेट चार बोटे सरकली तरी खेळ बिघडतो. दिवे मंद होतात, बोटाएवढा आचारी प्लेटवर अवतरतो आणि धडपडत पदार्थ ‘रांधतो’. चित्र थांबताच वाढपी तोच पदार्थ आणून ठेवतो. ‘ल पेती शेफ’ नावाचा हा आचारी बेल्जियमच्या ‘स्कलमॅपिंग’ या कलावंत जोडीने २०१५च्या सुमारास घडवला.

त्याआधी, २०१२ मध्ये, शांघायच्या ‘अल्ट्राव्हायोलेट’मध्ये पॉल पेरे यांनी दहाच पाहुण्यांसाठी भिंतींवरची दृश्ये, ध्वनी आणि गंध पदार्थांशी जुळवले होते.

यात खरी कसोटी मुदपाकखान्याची. सर्वांना एकच मेन्यू, एकाच क्षणी वाढायचा; चित्रफीत कोणासाठी थांबत नाही. सावकाश जेवणाऱ्याची त्यामुळे पंचाईतच.

हलत्या चित्रांचे प्रक्षेपण महाराष्ट्राला मात्र जुनेच आहे: कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेवर रंगवलेल्या चित्रांतून ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ केले. जेवणाशी त्यांचा संबंध नव्हता.