हळद-मिरी कॅप्सूल आणि '२००० टक्के': उंदराच्या आणि आपल्या पोटात काय होतं?

आमच्या नालासोपाऱ्याच्या फॅमिली ग्रुपवर एक रील आली: 'हळद + मिरी, परिणाम २००० टक्के!' मावशीने लगेच विचारलं, "मागवू का रे?" ती बीपीची गोळी घेते, म्हणून मी तो आकडा शोधायला बसलो.

आकडा खरा आहे. पण तो कशाचा आहे, हे रील सांगत नाही.

हळदीत साधारण ३ टक्के कर्क्युमिन असतं. ते गिळलं की रक्तात जातंच असं नाही. १९७८ साली स्वीडनमध्ये उंदरांना कर्क्युमिन खाऊ घातलं, तेव्हा सुमारे ७५ टक्के विष्ठेतून बाहेर पडलं. रक्तात जवळपास काहीच सापडलं नाही. गर्दीच्या वेळी अंधेरीला विरार फास्ट यावी आणि बहुतेक लोक फलाटावरच राहावेत, तसं.

जे थोडं आत शिरतं, त्याला आतडं आणि यकृत ग्लुकुरोनिक आम्ल चिकटवतात. मग शरीर ते पटकन बाहेर टाकतं. मिरीतलं पायपेरिन हेच काम अडवतं.

१९९८ साली बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये हे तपासलं गेलं. पायपेरिनमुळे रक्तातलं कर्क्युमिन उंदरांत १५४ टक्क्यांनी वाढलं, माणसांत २००० टक्क्यांनी. म्हणजे एकच जोडी, पण शरीर बदललं की हिशोब बदलला. शिवाय माणसांत ही वाढ पहिल्या तासाभरातच दिसली. आणि जवळपास शून्य असलेला आकडा वीसपट केला तरी लहानच राहतो! रक्तात वाढलं म्हणजे आजार बरा झाला, असंही नाही.

डोसचंही तसंच. उंदरांना किलोमागे २ ग्रॅम दिलं होतं. ६० किलोच्या माणसासाठी थेट गुणाकार केला तर १२० ग्रॅम! म्हणून शास्त्रज्ञ अशा उंदराचा किलोमागचा डोस आधी ६.२ ने भागतात. तरी उत्तर १९ ग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे अर्धा किलोहून जास्त हळद. आणि हा फक्त अंदाज असतो, खात्री नाही.

आता मावशीचा प्रश्न. पायपेरिन फक्त कर्क्युमिनलाच थांबवून धरत नाही. बीपीचं प्रोप्रानोलॉल, फिटचं फेनिटॉइन यांचंही रक्तातलं प्रमाण ते वाढवू शकतं. हळद-मिरीच्या सप्लिमेंटनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही अमेरिकेत आहेत.

भाजीतली हळद-मिरी बिनधास्त खा. कॅप्सूल मात्र डॉक्टरांना चालू गोळ्यांची नावं दाखवूनच. आणि पुढच्या वेळी रीलमध्ये टक्के दिसले तर दोन प्रश्न विचारा: कोणाच्या शरीरात? आणि किती डोसला?

मावशीने ऑर्डर केली नाही. रील मात्र अजून फिरतेय.