बागेत साकारलेले शेख झायेद

पुतळा म्हटला की मला गेटवेसमोरचे अश्वारूढ शिवाजी महाराज आठवतात. १९६१ पासून भक्कम चौथऱ्यावर ते उभे आहेत. अबुधाबीच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, मात्र वेगळा विचार झाला. संयुक्त अरब अमिरातीचे संस्थापक शेख झायेद यांच्या जन्मशताब्दी वर्षात, २०१८ मध्ये, इथे ‘फाउंडर्स मेमोरियल’ खुलं झालं. अमेरिकी शिल्पकार राल्फ हेल्मिक यांनी ३० मीटर उंच मंडपात तेराशेहून अधिक भौमितिक आकार तारांवर टांगले आहेत. मंडपाच्या खाली गेलं की नुसते घन आणि बहुफलक दिसतात. थोडं फिरून नेमक्या जागी उभं राहिलं, की डोळे, नाक, दाढी जुळत जातात आणि चेहरा उमटतो. रात्री दिव्यांनी तो जास्तच खुलतो.

भोवतालच्या बागेत गाफची झाडं आहेत. गाफ म्हणजे आपली शमी, अमिरातीचं राष्ट्रीय झाड. वाळवंटात हिरवाई फुलवणाऱ्या माणसाच्या स्मारकाला ही सोबत शोभते.

आपल्या गावच्या उद्यानात पुतळा बसवताना उंचीच्या आधी या गोष्टी ठरवायला हव्यात: लोक कुठून पाहतील, सावली कुठे असेल, रात्री उजेड कसा पडेल आणि त्या माणसाचं काम आसपास कशातून दिसेल.