ऑइल मीटरचा काटा

मलकापूर, नांदुरा, खामगाव या घाटाखालच्या पट्ट्यातून बुलढाण्याला यायचं तर राजूरचा नाहीतर बोथ्याचा घाट चढावा लागतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार, गाडीत पूर्ण माल, इंजिन तापलेलं. अशा चढावर ऑइल मीटरचा काटा शून्याकडे पडून पुन्हा वर आला, तर ड्रायव्हरच्या पोटात गोळा येतो. बिघाड मीटरचा की इंजिनाचा?

इंजिनाचा क्रँक बेअरिंगमध्ये फिरतो तो ऑइलच्या पातळ थरावर. पंप खालच्या चेंबरमधून जाळीवाटे ऑइल खेचतो आणि फिल्टरमधून बेअरिंगपर्यंत दाबाने पोहोचवतो. हा दाब गेला की काही मिनिटांत बेअरिंग क्रँकला चिकटून इंजिन जाम होऊ शकतं. बहुतेक डिझेल ट्रकांत गरम इंजिनाला आयडलिंगवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो आणि रस्त्यावर 3 ते 5 किलो दाब असतो. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातला धरायचा.

जुन्या मीटरचं मूळ पॅरिसमध्ये आहे. यूजीन बूर्दों यांनी 1849 मध्ये वाफेच्या यंत्रांसाठी वाकडी, चपटी धातूची नळी वापरून दाबमापक केला. आत दाब वाढला की ती नळी जत्रेतल्या फुंकणीसारखी किंचित उलगडते आणि काटा फिरवते. पुढे ब्लॉकवर सेंडर आला. त्यातला पडदा दाबाप्रमाणे हलतो, विजेचा रोध बदलतो आणि एका वायरीने तो निरोप डॅशबोर्डवर जातो. काट्याची अर्धी दुखणी या वायरीत, तिच्या जोडांत आणि अर्थिंगमध्ये असतात. सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली, तरी अर्थिंग अडू शकतं.

तरीही पहिलं काम वायर तपासणं नव्हे. काटा पडला की गाडी सुरक्षित बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. सपाट जागेवर थोडा वेळ थांबून ऑइलची पट्टी काढायची. ऑइल कमी असेल तर चढावर ते चेंबरमध्ये एका बाजूला सरकतं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. म्हणूनच असा काटा घाटात पडतो आणि सपाटीवर शहाण्यासारखा वागतो. पट्टीवर ऑइल उलट वाढलेलं दिसलं आणि डिझेलचा वास आला, तर ऑइल पातळ झालंय. मग इंजिन चालू करायचंच नाही.

पातळी ठीक असेल तर वायरमनचं काम सुरू होतं. इंजिन बंद, चावी चालू. सेंडरची वायर काढली की काटा एका टोकाला जायला हवा, ती अर्थ केली की दुसऱ्या. मधेच अडखळला तर दोष मीटरमध्ये किंवा वायरीत. मीटर आणि वायर दोन्ही ठीक ठरले तर सेंडर काढून तिथे मास्टर गेज, म्हणजे थेट ऑइलचा दाब दाखवणारा तपासणीचा मीटर, लावायचा आणि थोडाच वेळ इंजिन चालवून पाहायचं. गेज स्थिर आणि पुरेसा दाब दाखवत असेल तर सेंडर बदलायचा. गेजही डोलत असेल तर चेंबर उतरवायचा: जाळी गाळाने भरली असेल, रिलीफ व्हॉल्व्ह अडकला असेल, किंवा पंप आणि बेअरिंग झिजली असतील.

हा क्रम चुकला की दोन्हीकडून नुकसान. कुणी साध्या सेंडरपायी इंजिन उघडून बसतो. कुणी ‘मीटरच खराब आहे’ म्हणत तशीच गाडी हाणतो आणि क्रँक गमावतो. दुसरी चूक फार महाग पडते, कारण सेंडर नवा मिळतो, पण जाम झालेलं इंजिन गाडीला कित्येक दिवस गॅरेजात बसवून ठेवतं आणि हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून प्रत्येक गॅरेजात मास्टर गेज हवा, आयटीआयच्या डिझेल मेकॅनिक वर्गात ही तपासणी प्रत्येक मुलाच्या हातून करून घ्यायला हवी, आणि काटा पडताच गाडी थांबवणाऱ्या ड्रायव्हरला उशिराबद्दल मालकाने बोल लावू नये. त्याने मालकाचं इंजिन वाचवलेलं असतं.