दुसऱ्या बाराची हमी

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये आला आणि आपल्याकडचा शिकारीचा अध्याय मिटत गेला. टांझानिया, झिंबाब्वे, मोझांबिक इथे मात्र परवाना काढून रानरेड्याची शिकार आजही होते. तिथे जाणाऱ्या हौशी मंडळींत एक चोखंदळ गट असा आहे, ज्याला दुर्बीण लावलेली नवी कोरी रायफल नको असते. त्याला हवी असते विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत लंडन किंवा बर्मिंगहॅममध्ये हातानं घडवलेली दुनळी रायफल. शिकार योग्य की अयोग्य हा वाद मी इथे घालत नाही. माझं कुतूहल यंत्राचं आहे. अंगावर येणाऱ्या जनावरासमोर शंभर वर्षं जुन्या वस्तूवर जीव सोपवायचा, तर ती पारखायची कशी?

दुनळी म्हणजे एका दस्त्यावर बसवलेल्या दोन स्वतंत्र रायफली. दोन नळ्या, दोन चाप, दोन कमानी. बहुधा पुढचा चाप उजवी नळी उडवतो, मागचा डावी. एकीची कमान मोडली, काडतूस फुसकं निघालं, तरी दुसरी तयार असते. बोल्ट मागेपुढे करण्यात जाणारा वेळ वाचतो, खडखडाटही होत नाही. माउझर घाटणीची बोल्ट रायफल स्वस्त आणि दणकट, हे खरंच. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्यानं तर हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यातले बरेच .275 च्या किरकोळ वाटणाऱ्या बोल्ट रायफलीनं. पण हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो हे बेलला पाठ होतं. ज्याचा पहिला बार चुकू शकतो त्याच्यासाठी दुनळी.

या रायफलींचा खरा काळ कॉर्डाइटपासून सुरू होतो. काळ्या दारूच्या जागी ही धूररहित दारू आली आणि 1898 मध्ये रिग्बी कंपनीनं .450 नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस आणलं. ते स्थिरावतं न स्थिरावतं तोच, 1907 च्या सुमारास, ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानात .450 व्यासाच्या रायफलींवर बंदी घातली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री त्याच व्यासाच्या होत्या. त्यांना चालेल असा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडेल ही धास्ती. संस्थानिक आणि गोरे अधिकारी हे तर कारखानदारांचं मोठं गिऱ्हाईक. मग प्रत्येकानं .450 च्या आसपासचं आपलं काडतूस काढलं: जोसेफ लँगचं .470, हॉलंड अँड हॉलंडचं .465, वेस्टली रिचर्ड्‌सचं .476. आजचा ग्राहक ज्या आकड्यांच्या जंजाळात गोंधळतो, त्यातलं निम्मं त्या बंदीचं देणं आहे.

आकडा निवडताना ताकदीआधी दुकान पाहावं. 1960 नंतर इंग्लंडच्या कायनॉकनं ही काडतुसं बनवणं बंद केलं आणि चांगल्या-चांगल्या रायफली पोरक्या झाल्या. पुढे ते नाव पुन्हा सुरू झालं, अमेरिकेत फेडरल आणि हॉर्नाडी यांनीही उत्पादन हाती घेतलं. त्यामुळे .470 आज त्यातल्या त्यात सहज मिळतं. जेफरीचं .450/400 हेही सुज्ञ निवड. त्याचा धक्का माणसाला सोसतो. जिम कॉर्बेटकडे जेफरीची याच काडतुसाची दुनळी होती. .577 आणि .600 यांचं वजन आणि धक्का पाहता, त्या मी कपाटात ठेवण्याजोग्याच म्हणेन.

एक जीवघेणा घोटाळा इथेच होतो. .450, .500, .577 या मापांच्या काळ्या दारूच्या जुन्या रायफलींतही नायट्रो काडतूस सहज बसतं. रायफल मात्र तो दाब सोसायला बनलेली नसते. म्हणून नळ्या उतरवून खालचे चाचणीचे ठसे वाचल्याशिवाय सौद्याची भाषा करू नये.

त्या ठशांतच या यंत्राचं मर्म आहे. दोन्ही नळ्या समांतर भासतात, पण तोंडाकडे त्या किंचित जवळ आलेल्या असतात. उजवी उडाली की धक्क्यानं रायफल वर आणि उजवीकडे वळते, डावी उडाली की डावीकडे. आणि हे गोळी नळीत असतानाच सुरू होतं. तेवढी हालचाल हिशेबात धरून नळ्या जुळवाव्या लागतात. कारागीर तोंडाशी पाचर ठेवून नळ्यांना डाक देतो, मैदानात नेऊन झाडतो, डाक तापवून पाचर केसभर सरकवतो, पुन्हा झाडतो. दोन्ही गोळ्या एकमेकींना लागून पडेपर्यंत हेच चालतं. साहजिकच अशा रायफलीची गाठ एकाच काडतुसाशी बांधली जाते. .470 वर ‘कॉर्डाइट 75-500’ असा ठसा दिसला, तर 75 ग्रेन दारू आणि 500 ग्रेनची, म्हणजे सुमारे 32 ग्रॅमची गोळी. वेग सेकंदाला साधारण 2150 फूट. काडतूस याहून मंद निघालं, तर गोळ्या दोन बाजूंना फाकतात. जलद निघालं, तर फुली मारतात: उजव्या नळीची गोळी डावीकडे, डावीची उजवीकडे. कॉर्डाइट उष्णतेनं चेकाळतं, दाब वाढतो. त्यामुळे उष्ण देशांसाठी दारू कमी भरलेली वेगळी काडतुसं निघत. लंडनच्या गारव्यात जुळवलेली रायफल चंद्रपूरच्या मे महिन्यात तशीच वागेल हा भरवसा कारखानदारांनाही नव्हता.

बाकी गोष्टी भराभर सांगता येतील. बाजूच्या पट्टीवर कुलूप, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, बसवलेली साइडलॉक दिसायला देखणी, कोरीवकामाला ऐसपैस. बॉक्सलॉक ही 1875 ची अँसन आणि डीली यांची रचना. सुटे भाग कमी आणि कुलपापाशी लाकूडही कमी कोरावं लागतं. माझं मत विचाराल तर बर्मिंगहॅमची साधी, बिननावाची बॉक्सलॉक घ्यावी आणि हत्ती-वाघ कोरलेली साइडलॉक लिलाववाल्यांसाठी सोडावी. ‘महाराजांची रायफल’ म्हणून विकली जाणारी तर दुप्पट तपासावी. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतली रसायनं नळीत क्षार सोडत. वर आपला पावसाळा, आणि शिकारीनंतर गरम पाण्यानं नळी धुण्याचा नोकरांचा कंटाळा. बाहेर सोन्याची वेल आणि आत खड्डे, असा माल बराच निघतो. नाव मोठं असलं तर कारखान्याला क्रमांक कळवावा. अनेकांच्या जुन्या वह्या शाबूत आहेत आणि रायफल कोणासाठी, कोणत्या काडतुसावर जुळवली हे त्यांत सापडतं.

रायफल हाती घेतल्यावर नळ्या सुट्या करून त्यांच्या खालच्या आकड्याला बोट अडकवून लोंबत्या धराव्यात आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारावी. घंटेसारखा नाद आला तर मधली पट्टी घट्ट. खरखर आवाज आला तर डाक सुटलाय. मग नळ्या जोडून, पुढचं लाकूड काढून हलवून पाहावं. सांध्यात खुळखुळ जाणवली किंवा उजेडाची फट दिसली, तर बिजागरी झिजली. दस्त्याची चीर बहुधा कुलपाच्या मागे, तेलानं काळवंडलेल्या लाकडात दडलेली असते. काहींची सेफ्टी रायफल उघडताच आपोआप लागते. पक्ष्यांच्या बंदुकीला ते ठीक, पण घाईत पुन्हा काडतुसं भरून चाप ओढणाऱ्याच्या ती मुळावर येते. तिचं असं आपोआप लागणं बंदूकवाल्याकडून बंद करून घेता येतं.

मग विक्रेत्याकडे पन्नास यार्डांवर चार बार मागायचे: उजवा, डावा, उजवा, डावा, आणि तेही ठशाला जुळणाऱ्या काडतुसांनी. पहिल्या चापाबरोबर दोन्ही नळ्या एकदम उडाल्या, तर दुरुस्ती होईपर्यंत ती भिंतीवरच शोभेल. विक्रेता झाडूच देत नसेल, तर दुसरं दुकान गाठावं.