आयफेल टॉवर दिसणारं टेबल आणि इतर गैरसमज

आमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस मे महिन्यात आला. येणारच होता, आपल्याकडची निम्मी लग्नं उन्हाळ्याच्या सुट्टीतच लागतात. पॅरिसला जायचं ठरलं आणि मी पुण्यात बसून, दोन महिने आधी, नदीकडच्या खिडकीतलं टेबल राखून ठेवलं. वेळ साडेसातची. मेणबत्ती, वाइन, समोर सेन नदी आणि तिच्यापलीकडे टॉवर, असा सगळा देखावा मनात मांडून झाला होता. प्रत्यक्षात साडेसात वाजता पॅरिसमध्ये चक्क ऊन होतं. वेटरने इमानेइतबारे मेणबत्ती लावली, पण तिची ज्योत काही दिसेना. सूर्य थेट नवऱ्याच्या डोळ्यांवर आला होता. त्याने पहिला पदार्थ गॉगल लावून खाल्ला. कँडललाइट डिनर ठरवताना मी कँडलचा विचार केला होता, लाइटचा राहिला होता.

मेच्या अखेरीस पॅरिसमध्ये सूर्य पावणेदहाच्या सुमाराला मावळतो. जूनमध्ये तर दहा वाजायला येतात. म्हणजे वैशाखातल्या जोडप्यांनी नऊच्या आत टेबल घेऊन मेणबत्तीची अपेक्षा ठेवू नये. तिकडे बहुतेक स्वयंपाकघरं सात-साडेसातच्या आधी सुरूच होत नाहीत, त्यामुळे नऊ ही वेळ उशिराची नाही, भर जेवणाची आहे. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर बोहल्यावर चढलेल्यांना हा प्रश्न नाही. डिसेंबरात तिथे पाच वाजताच काळोख होतो.

तारखेचं आणखी एक. बरीच लहान रेस्टॉरंट्स रविवारी आणि सोमवारी बंद असतात, ऑगस्टमध्ये तर कित्येक मालक दोन-तीन आठवडे दाराला कुलूप लावून सुट्टीवर जातात. एक मे ही फ्रान्समध्ये कामगार दिनाची कडक सुट्टी. महाराष्ट्र दिनाला लग्न झालेल्यांनी टेबलाची चौकशी जरा जास्तच आधी करावी.

“टॉवर दिसल्याशिवाय मजा नाही”

माझा मुख्य गैरसमज हाच होता, आणि सगळ्यात महागही हाच पडला. त्या संध्याकाळी आमच्यापुढे आलेला मासा बेताचा होता, सोबतचे बटाटे कोमट होते आणि बिल मात्र चोख होतं. हॉटेलवर परतताना हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की पैसे जेवणाचे कमी आणि खिडकीचे जास्त दिले होते.

टॉवरवरच जेवायचं म्हटलं तर तीही सोय आहे. दुसऱ्या मजल्यावर, जमिनीपासून सुमारे १२५ मीटर उंचीवर, ल ज्यूल व्हेर्न नावाचं रेस्टॉरंट आहे. रात्रीच्या जेवणाला माणशी दोनशे युरोंच्या वर सहज लागतात. युरो आता शंभर रुपयांच्या घरात आहे, तेव्हा गुणाकार तोंडी करता येईल. पण यात एक गंमत आहे. टॉवरवर बसलं की अख्खं पॅरिस दिसतं, फक्त टॉवर दिसत नाही.

तो बघायला एक पैसा पडत नाही. अंधार पडला की दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं, वीस हजार दिवे लुकलुकतात. त्रोकादेरोच्या चौथऱ्यावरून बघा, नाहीतर बीर-आकेम पुलावरून; हा पूल मला जास्त आवडतो, कारण वरून मेट्रो धडधडत जाते आणि खाली उभं राहायला ऐसपैस जागा असते. मेअखेरीस ही चमचम रात्री दहाच्या आधी दिसणार नाही. म्हणजे आधी जेवून निवांत चालत यायचं.

सेन नदीवरच्या बोटीतलं जेवण हाही त्याच जातीचा मोह. साध्या, तासाभराच्या फेरीचं तिकीट साधारण वीस युरोंच्या आत मिळतं. जेवणासकट घेतलं की तेच कित्येक पट होतं. नोत्र दाम काठावरून सरकत असताना ताटाकडे बघायचं की बाहेर, हा पेच वेगळाच. पोट एकीकडे भरावं, डोळे दुसरीकडे. माणशी चाळीस-पन्नास युरोंत पॅरिस जमवायचं असेल तर मला तरी दुसरा रस्ता दिसत नाही.

“स्वस्त म्हणजे पिझ्झा नाहीतर सँडविच”

इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण पॅरिसमधली स्वस्त जेवणाची जागा ही तिथली एक जुनी संस्था आहे. तिचं नाव बुइयाँ. शब्दाचा मूळ अर्थ रस्सा, म्हणजे मांस उकळून काढलेलं पाणी. १८५० च्या दशकात दुव्हाल नावाच्या एका खाटकाने बाजारात राबणाऱ्या लोकांना कमी पैशांत हा गरम रस्सा आणि मांसाचा तुकडा द्यायला सुरुवात केली. पुढे अशा खानावळी शहरभर निघाल्या. आपल्याकडे गिरणगावात ज्या गरजेतून खानावळी चालल्या, तीच ही गरज. फरक इतकाच की तिथल्या काही खानावळींना झुंबरं आणि आरसे लाभले.

बुइयाँ शार्तिए १८९६ सालचं आहे आणि अजून चालू आहे. मोंमार्त्रच्या उपनगराच्या नावाच्या रस्त्यावर, एका बोळाच्या आत. आत शिरलात की उंच काचेचं छत, पितळी दांड्यांचे कप्पे, भिंतीला लाकडी खण. या खणांत पूर्वी रोजची गिऱ्हाइकं आपापला नॅपकिन ठेवत. काळ्या बंडीतला आणि पांढऱ्या एप्रनमधला वेटर तुमची ऑर्डर टेबलावर अंथरलेल्या कागदावरच खरडतो आणि शेवटी बेरीजही तिथेच मारतो. उकडलेल्या अंड्यावर मेयोनेज ही तिथली लाडकी सुरुवात, आणि ती अगदी थोड्या युरोंत मिळते. दोघांचं तीन पदार्थांचं जेवण आणि वाइनचा छोटा जग, हे सगळं आमच्या त्या खिडकीच्या बिलाच्या एका कोपऱ्यात बसलं असतं.

हे रोमँटिक आहे का? खरं सांगायचं तर शार्तिएमध्ये नाही. बाहेर रांग असते, गलका असतो, आणि गर्दी असली तर तुमच्याच टेबलावर अनोळखी जोडपं आणून बसवतात. आम्ही दुपारी गेलो आणि शेजारच्या आजींनी नवऱ्याला खेकडा कसा फोडायचा ते शिकवलं. धमाल आली, पण वाढदिवसाच्या संध्याकाळी ते नको. त्यासाठी सँ-दनी उपनगराच्या नावाच्या रस्त्यावरचं बुइयाँ ज्युलिएं बघा. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वेलबुट्टीदार शैलीतलं दालन, भिंतींवर काचेत घडवलेल्या, फुलांनी वेढलेल्या स्त्रिया, डोक्यावर रंगीत काचेचं छत. जागा आधी राखूनही ठेवता येते. किमती मात्र खानावळीच्याच.

“मिशेलिनचं नाव म्हणजे आपल्या खिशाबाहेर”

टायर विकणाऱ्या मिशेलिन कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली, १९२६ पासून ती तारे देऊ लागली. तारा मिळतो तो फक्त ताटातल्या पदार्थांना. खुर्ची, पडदे, नदीचा देखावा यांचा त्याच्याशी संबंध नसतो. तेव्हा ‘तारा आहे म्हणजे वातावरण छान असणार’ हे गृहीत धरू नये. काही तारांकित जागा दवाखान्याच्या प्रतीक्षागृहासारख्या दिसतात.

आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. १९९७ पासून हीच मार्गदर्शिका ‘बिब गुर्मां’ नावाची खूण देते, माफक दरात चांगलं जेवण देणाऱ्यांना. मिशेलिनचा तो टायरांचा गुबगुबीत माणूस जीभ चाटताना दिसला की समजावं. पॅरिसमध्ये अशा अनेक जागा आहेत आणि मिशेलिनच्या ॲपवर त्या वेगळ्या गाळून बघता येतात. एरवी रस्त्यावरून निवडायचं असेल तर दाराशी बघा. खडूने लिहिलेला छोटा फळा आणि त्यावर मोजके पाच-सहा पदार्थ असतील तर आत जायला हरकत नाही. आठ भाषांतलं, फोटोंचं, प्लास्टिक चढवलेलं कार्ड आणि दारात हात धरून बोलावणारा माणूस असेल तर चालत राहावं. तिथेच शिजवलेल्या पदार्थासाठी २०१४ पासून एक अधिकृत खूणही आहे. पातेलं, आणि त्यावर झाकणाच्या जागी घराचं छप्पर.

“वाढदिवस म्हणजे रात्रीच”

का बरं? जे स्वयंपाकघर रात्री साठ-सत्तर युरो घेतं, तेच कामाच्या दिवशी दुपारी दोन-तीन पदार्थांचं ठरलेलं जेवण बऱ्याच कमी दरात देतं. याला ते ‘फॉर्म्यूल’ म्हणतात. शेफ तोच, ताट तेच, वर दुपारचं ऊन, ज्याच्यासाठी गॉगल लावायला लाज वाटत नाही.

इथे शब्दांचा घोळ मात्र होतो. फ्रान्समध्ये ‘मन्यू’ म्हणजे ठरावीक किमतीचं ठरलेलं जेवण, आपली थाळी म्हणा. आपण ज्याला मेन्यू म्हणतो ते ‘कार्त’. आणि ‘आंत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ. अमेरिकेत हाच शब्द मुख्य पदार्थाला वापरतात, त्यामुळे न्यू जर्सीला मुलाकडे राहून आलेले आईबाबा इथे हमखास फसतात. आंत्रे मागवून तीन फोडी बीट खाऊन उठतात.

“पाणी, पाव, टिप, सगळ्याचे वेगळे पैसे”

उलट आहे. छापलेल्या किमतीत कर आणि सेवा दोन्ही धरलेली असावी, असा तिथला नियम आहे. बिलाच्या खाली ‘सेर्व्हिस काँप्री’ म्हणजे तेच. टिप बंधनकारक नाही. वेटर मायेने वागला तर दोन-चार युरो ठेवा, आणि पर्यटकांच्या भागात कार्डाचं यंत्र टक्के विचारू लागलं तर शून्य दाबताना कानकोंडं होऊ नका. जेवणासोबत पाव फुकट येतो. नळाचं पाणीही फुकट असतं आणि ते पिण्याजोगं असतं, पण मागताना ‘काराफ दो’ असं म्हणायचं. नुसतं ‘वॉटर’ म्हटलंत की बाटली येते, आणि बाटलीचे पैसे पडतात. आमच्या टेबलावर दोन आल्या.

“शाकाहाऱ्यांनी उपास करावा”

पंचवीस वर्षांपूर्वी हे बरंचसं खरं होतं, आता नाही. खरी अडचण दिसणाऱ्या मांसाची नसून लपलेल्या मांसाची आहे. वर चीज वितळवलेलं कांद्याचं प्रसिद्ध सूप बहुधा गोमांसाच्या रश्शात शिजतं. हिरव्यागार सॅलडमध्ये कधीकधी डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. पन्ना कोट्टामध्ये जिलेटिन. तेव्हा ‘व्हेज’ म्हणून भागत नाही; ‘नी व्हियांद, नी प्वासाँ’, मांस नको, मासाही नको, एवढं पाठ करून जा. मांसाहारी असून गोमांस न खाणाऱ्यांनी ‘बफ’, ‘व्हो’ आणि ‘आंत्रकोत’ हे तीन शब्द ओळखून ठेवावेत. ‘कानार’ म्हणजे बदक, ते सुरक्षित आणि चवदारही.

सोपा मार्ग मोंपार्नासला आहे. ब्रिटनी प्रांतातून येणाऱ्या गाड्या या स्टेशनात लागतात, आणि तिकडून आलेल्या लोकांनी शेजारच्या गल्लीत क्रेपच्या दुकानांची रांगच लावली. तिखटमिठाची गालेत बकव्हीटच्या पिठाची असते, म्हणजे उत्तरेत उपासाला चालणारा कुट्टू. काळपट, कडेला जाळीदार, आपल्या घावनाची लांबची बहीण. ‘काँप्लेत’ नावाच्या गालेतमध्ये हॅम असतं, ते काढायला सांगायचं. सोबत सफरचंदाची सायडर मातीच्या वाटीत येते. मेणबत्ती बहुधा नसते.

“सांगितलं की केक आणतात”

पुण्यात सांगितलं की केक येतो, वेटर टाळ्या वाजवतात आणि शेजारची चार टेबलं आपल्याकडे बघतात. पॅरिसमध्ये तसं सहसा घडत नाही, आणि तो रूक्षपणाही नाही. टेबल राखताना दोन ओळी लिहिल्या तर गोडाच्या पदार्थावर एक मेणबत्ती खोचून देतील, कोपऱ्यातली जागा देतील. आत शिरताना आधी ‘बाँज्यूर’ किंवा ‘बाँस्वार’ म्हणणं मात्र सोडू नका. ते न म्हणता थेट ‘टेबल फॉर टू’ म्हटलं की चेहरा आखडतो, आणि मग आपण घरी येऊन फ्रेंच माणसं उर्मट असल्याचं सांगतो.

बिलाचंही तसंच. जेवण संपून अर्धा तास झाला तरी वेटर फिरकत नाही, म्हणजे तो विसरला असं नाही. न मागता बिल आणणं म्हणजे ‘उठा आता’ म्हणण्यासारखं, असं तिथे मानतात. ‘लादिस्याँ’ म्हणून हाताने हवेत सही केली की येतो. मग कार्डाचं यंत्र विचारतं, पैसे रुपयांत कापू की युरोंत? ओळखीचा आकडा बघून जीवाला बरं वाटतं, पण रुपये निवडले की त्या यंत्रामागची मंडळी आपल्या भावाने रूपांतर करतात आणि तो भाव बहुतेक वेळा आपल्या बँकेपेक्षा वाईट असतो. दाबायचे युरोच. माझ्या नवऱ्याने गॉगल कपाळावर सरकवला, पडद्याकडे नीट निरखून पाहिलं आणि रुपये दाबले.